टॉवर की बुकशेल्फ? आधी बासची जागा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात ५.१ संच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आहे. पुढे पाच इंची वूफरचे (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याचे) दोन बुकशेल्फ, म्हणजे छोट्या पेटीचे, स्पीकर टीव्हीच्या कपाटात बसवलेले, टीव्हीखालच्या कप्प्यात आडवा सेंटर (संवादांचा स्पीकर), मागे दोन छोटे स्पीकर आणि कोपऱ्यात खोल बासचा आठ इंची सबवूफर (पुढे नुसता ‘सब’). खोली ४.२ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद, छत २.८ मीटरवर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, पुढचे स्पीकर साधारण तीन मीटरवर. निम्मा वेळ संगीत, निम्मा वेळ सिनेमे. तक्रारी तीन: गाणं पोकळ वाटतं, काही ठरावीक सुरांवर मात्र बास (खालचे जाड सूर) नुसता घुमतो, आणि संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच दृश्यात कानठळ्या बसतात. त्यावर तुम्ही टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच, स्पीकर घ्यायचा विचार करताय आणि जमलं तर सोबत वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर.

माझं मत: या खोलीत टॉवर घेऊ नका, आणि अ‍ॅम्प तर आत्ता अजिबात नको. पुढचे तीन स्पीकर एकाच मालिकेतले, चांगले बुकशेल्फ घ्या. टॉवरवर जे जास्तीचे पैसे जाणार होते ते सबवूफरवर घाला. पण त्याआधी आहे त्याच संचावर थोडं काम करा. तुमच्या तीनपैकी निदान दीड तक्रार खोलीची आणि मांडणीची आहे, आणि ती नवीन स्पीकरबरोबरही तशीच राहील.

असं का म्हणतो, ते बासपासून सांगायला हवं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) लहरीची लांबी साडेआठ मीटर, तुमच्या खोलीच्या लांबीच्या दुप्पट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लहरीची अर्धी लांबी बरोबर मावली की तो सूर खोलीत अडकतो, वाढतो आणि रेंगाळतो. तुमच्या लांबीला हा हिशोब सुमारे ४१ हर्ट्झ येतो, रुंदीला ५०, उंचीला ६१, आणि मग त्यांच्या पटी: ८२, १०१ वगैरे. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची ८२ ला. तुम्हाला घुमणारे सूर ‘ठरावीक’ वाटतात ते यामुळेच. ते स्पीकरने निवडलेले नाहीत, भिंतींनी निवडलेले आहेत.

यात बसण्याच्या जागेचाही वाटा मोठा आहे. भिंतीला डोकं टेकवून बसलं की लांबीच्या दिशेचे हे सगळे अडकलेले सूर सर्वांत जोरात ऐकू येतात. उलट खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर तो ४१ हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसाच होतो. सोफा पन्नास-साठ सेंटिमीटर पुढे आला तरी फरक कळतो. आणि सब कोपऱ्यात असला की तो खोलीतला प्रत्येक अडकणारा सूर पूर्ण ताकदीने जागा करतो. बास भरपूर मिळतो, पण एकसारखा मिळत नाही.

घरच्या खोल्यांमध्ये साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं. त्याच्यावर स्पीकरचं. ही सीमारेषा समजली की खरेदीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण दोन्हीकडची कामं वेगळी आहेत आणि त्यांना खोलीतल्या जागाही वेगळ्या लागतात. डावा-उजवा स्पीकर कुठे ठेवायचा हे तुमचे कान आणि टीव्ही ठरवतात: दोन्ही स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर यावा. सपाट बास कुठून मिळेल हे मात्र भिंती ठरवतात, आणि ती जागा त्रिकोणाच्या टोकावर असेल अशी शक्यता फार कमी. टॉवरमध्ये ही दोन्ही कामं एकाच पेटीत बांधलेली असतात. आवाजाच्या चांगल्या चित्रासाठी (कोणता आवाज कुठून येतो ते नीट कळावं म्हणून) ती हलवली की बास बिघडतो, बाससाठी हलवली की हे चित्र बिघडतं. बुकशेल्फ आणि सब वेगळे असले की ज्याला जिथे बसायचं तिथे बसवता येतं. तुमच्या आकाराच्या खोलीत टॉवरला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे.

आता आहे त्या संचावरचं काम. बुकशेल्फ कपाटातून बाहेर काढा. कप्प्यात ठेवलेल्या स्पीकरचा मधला बास कप्प्याच्या बाजूंमुळे फुगतो आणि पुरुषी आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. स्पीकरमागच्या भिंतीमुळेही एक सूर कापला जातो: स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवर आपटून परतणारा आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाच्या विरोधात येतो. गाणं पोकळ वाटण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. दहा-दहा सेंटिमीटर पुढे-मागे करून ओळखीच्या पुरुषी आवाजाचं रेकॉर्डिंग ऐका. ज्या अंतरावर छातीतला आवाज भरतो पण घुमत नाही, ते अंतर पकडा.

मग रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या आणि शक्ती पुरवणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगमध्ये जा. पुढचे स्पीकर ‘लार्ज’ किंवा ‘फुल बँड’ असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. रिसीव्हरचं माइक लावून आपोआप होणारं कॅलिब्रेशन (खोलीनुसार जुळवणी) अनेकदा स्पीकर उगाच ‘लार्ज’ ठरवतं, म्हणून ते झाल्यावर हे सेटिंग हाताने तपासायची सवय लावा. पाच इंची वूफरला ५० हर्ट्झचा भार दिला की त्याचा पडदा नुसता आत-बाहेर धडपडतो, आणि त्याच पडद्यातून येणारा गायकाचा आवाज गढूळ होतो. सबच्या मागे क्रॉसओव्हरचं बटण असेल तर ते शेवटपर्यंत वर न्या किंवा एलएफई (खास बाससाठीचं) इनपुट वापरा. नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि ६० ते ९० हर्ट्झमध्ये खड्डा पडतो.

सबची जागा शोधायची जुनी आणि खात्रीची पद्धत अशी: सब उचलून सोफ्यावर, तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा. बास वर-खाली फिरत राहील असं काहीतरी लावा आणि तुम्ही जमिनीवर गुडघ्यांवर बसून भिंतीकडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे सब ठेवा. आवाजाचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचं वागणं बदलत नाही, म्हणून हे जमतं. मापायची आवड असेल तर यूएसबीवर चालणारा मापनाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. या छंदात पैशाचं सर्वाधिक मोल देणारी वस्तू मला विचाराल तर ती मापनाचा माइक आहे, कारण तो पुढच्या प्रत्येक खरेदीत तुम्हाला अंदाजातून बाहेर काढतो.

संवादांसाठी एक सोपी परीक्षा आहे. रिसीव्हरमध्ये ‘सेंटर नाही’ असं सेट करा. संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटले जातील आणि बरोबर मध्यावर बसलात तर ते टीव्हीच्या पडद्यातूनच आल्यासारखे ऐकू येतील. असं केल्यावर संवाद स्वच्छ झाले तर दोष सेंटरचा किंवा त्याच्या जागेचा आहे. झाले नाहीत तर खोलीतल्या प्रतिध्वनींकडे किंवा खुद्द ध्वनिमिश्रणाकडे बघावं लागेल. सेंटर कप्प्यात खोल ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली पाचर घालून त्याचं तोंड कानाकडे वर करा. एवढ्यानेही पुष्कळदा काम होतं. त्यावर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवायला काहीच हरकत नाही. रात्री लहान आवाजात बघायचं असेल तर रिसीव्हरमधलं डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक) कमी करणारं सेटिंग वापरा, कानठळ्यांवर तेच औषध आहे.

अ‍ॅम्पचा हिशोबही करून टाकू, कारण या बाबतीत लोक फार पैसे वाया घालवतात. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. ८० वॉटऐवजी १२० वॉट घेतले तर हाती येतात पावणेदोन डेसिबल. आता तुमची खोली बघा. स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल धरा, म्हणजे एक वॉटला एक मीटरवर ८६. तीन मीटरवर, खोलीतली परावर्तनं धरून, सुमारे ८० उरतात. घरात चांगल्या मोठ्याने ऐकताना सरासरी ७५ डेसिबल असते. त्याला लागतो वॉटचा तिसरा हिस्सा. सरासरीच्या २० डेसिबल वरचे झटके धरले तरी तीस-पस्तीस वॉट झाले. तुमचा रिसीव्हर हे आरामात देतो, शिवाय ८० हर्ट्झखालचं ओझं सबने उचलल्यावर त्याचं काम आणखी हलकं होतं.

दुसरी बाजूही सांगतो. चित्रपटगृहासारख्या संदर्भ पातळीवर प्रत्येक मुख्य चॅनेलला १०५ डेसिबलचे झटके द्यावे लागतात. तेवढ्यासाठी याच स्पीकरला तीनशेहून जास्त वॉट लागतील, आणि पाच इंची वूफर तेवढे पचवणार नाही. तिथे अ‍ॅम्प मोठा करून उपयोग नाही, ९० च्या वर संवेदनशीलता असलेला मोठा स्पीकरच लागतो. बहुतेक लोक घरात त्या पातळीपेक्षा दहा-पंधरा डेसिबल खालीच सुखी असतात. वेगळा अ‍ॅम्प तेव्हा घ्या, जेव्हा स्पीकर ४ ओहमचा आणि कमी संवेदनशील असेल, किंवा रिसीव्हर तापून बंद पडत असेल.

आणि संवेदनशीलतेचा आकडा वाचताना सावध राहा. तो बहुधा २.८३ व्होल्टला दिलेला असतो. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण ४ ओहमला ते दोन वॉट होतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरचा ‘८९’ हा ८ ओहमच्या ‘८६’ इतकाच असू शकतो. काही निर्माते भिंतींचा फायदा धरून खोलीतला आकडा छापतात, तो आणखी फुगलेला असतो.

मग नवीन स्पीकर निवडायचा कसा? इथे मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण जाहिराती ज्याबद्दल बोलतात (वूफरच्या पडद्याचा पदार्थ, सोनेरी टर्मिनल, वॉट) त्याचा ऐकण्याशी संबंध फार थोडा आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी अनेक वर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. निष्कर्ष सरळ होता. कोणता स्पीकर आहे हे कळत नसलं की बहुसंख्य श्रोत्यांची पसंती एकाच प्रकारच्या स्पीकरकडे झुकते: समोरून सपाट प्रतिसाद (सगळे सूर सारख्याच पातळीवर), आणि बाजूला गेल्यावर तोच प्रतिसाद सावकाश, खड्डे-उंचवटे न येता उतरत जाणारा. १९९४ मध्ये या दोघांनी हेही दाखवलं की स्पीकर डोळ्यांना दिसत असेल तर मतं बदलतात, अनुभवी श्रोत्यांचीसुद्धा. म्हणून मी दुकानातल्या पहिल्या दहा मिनिटांच्या मतावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही.

बाजूच्या प्रतिसादाला एवढं महत्त्व का? कारण सोफ्यावर तुम्हाला स्पीकरचा थेट आवाज मिळतो आणि त्याच्या पाठोपाठ काही हजारांश सेकंदांत बाजूच्या भिंती, जमीन, छत यांवरून आलेला आवाज मिळतो. हा दुसरा आवाज स्पीकरच्या बाजूने निघालेला असतो. त्याचा रंग थेट आवाजापेक्षा वेगळा असेल तर कानाला काहीतरी खटकत राहतं. साडेसहा इंची वूफरचा साधा टू-वे (एक वूफर, एक ट्वीटर असा) स्पीकर घ्या. दोन हजार हर्ट्झपर्यंत पोचता पोचता तो वूफर टॉर्चसारखा अरुंद झोत टाकू लागतो, आणि तिथे क्रॉसओव्हरनंतर छोटा ट्वीटर एकदम सगळीकडे आवाज पसरवतो. समोरून आलेख सपाट, पण भिंतींवरून तीन-चार हजार हर्ट्झचा जादा आवाज येत राहतो. तोच तो ‘चरचरीत’ स्पीकर, जो दुकानात लखलखीत वाटतो आणि घरी तासाभरात आवाज कमी करायला लावतो. ट्वीटरभोवती उथळ पेल्यासारखा वेव्हगाइड असतो तो हाच फरक भरून काढण्यासाठी. ट्वीटर वूफरच्या केंद्रात बसवण्याची समअक्षीय रचनाही याच कामाची. केईएफ या स्पीकर कंपनीने ती यूनी-क्यू नावाने १९८८ मध्ये आणली आणि आज अनेक कंपन्या तसे स्पीकर बनवतात. रिसीव्हरचा ईक्वलायझर (सुरांची पातळी कमी-जास्त करणारी सोय) समोरचा आलेख सुधारू शकतो, बाजूचा आणि समोरचा यांतला फरक मात्र तो कधीच मिटवू शकत नाही. म्हणून तो फरक विकत घेतानाच टाळावा लागतो.

हे सगळं आता मोजून छापलं जातं. सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे काढलेले आलेख शोधा. त्यात समोरचा प्रतिसाद, ऐकण्याच्या खिडकीतला (समोरून थोडं इकडे-तिकडे सरकल्यावर मिळणारा सरासरी), पहिल्या परावर्तनांचा आणि एकूण ध्वनिशक्तीचा अशा रेषा एकाखाली एक असतात. वरची रेषा सपाट आणि खालच्या रेषा तिच्याशी सलोखा राखून उतरत्या असतील तर तो स्पीकर तुमच्या यादीत ठेवा. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात खालच्या रेषांना टेंगूळ असेल तर सोडून द्या, नाव कितीही मोठं असो.

‘संगीताचा स्पीकर’ आणि ‘सिनेमाचा स्पीकर’ असे दोन प्रकार असतात ही समजूत मला कधीच पटली नाही. माणसाचा आवाज खरा ऐकू यावा ही दोन्हीकडची पहिली गरज आहे. सिनेमाला वरून दोनच गोष्टी जास्त लागतात, मोठे झटके सोसायची ताकद आणि खोल बास. दुसरी गोष्ट सब देतो. त्यामुळे पुढची जोडी संगीतावरच निवडा. संगीतात ती नापास झाली तर सिनेमातही ती तुम्हाला हळूहळू कंटाळवाणी होणार.

दोन स्पीकरची तुलना करून ऐकताना आधी दोघांची पातळी माइकने जुळवा. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर ‘जास्त स्पष्ट’ वाटतो आणि आपण चुकीचा उचलतो. मग प्रत्येक जोडीतला एकेकच स्पीकर मोनोमध्ये (सगळा आवाज एकाच स्पीकरमधून) ऐका. स्टिरिओत दोष लपतात, मोनोत उघडे पडतात. सोबत नवी चमकदार डेमो रेकॉर्डिंग नकोत, वर्षानुवर्षं ऐकलेली चार-पाच घ्या. माझ्यासाठी पहिली परीक्षा बोलण्याच्या आवाजाची, शक्यतो ओळखीच्या माणसाच्या. त्यात ‘स’ आणि ‘श’ टोचतात का ते बघायचं. दुसरी तंबोऱ्याची. जवारी म्हणजे नुसती उपस्वरांची, मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांची, वीण. वरच्या पट्ट्यात टेंगूळ असेल तर ती वीण पत्र्यासारखी होते, खड्डा असेल तर तंबोरा दूर गेल्यासारखा वाटतो. तिसरी, बऱ्याच वाद्यांचा एकत्र कल्लोळ. मोठ्या आवाजात तो एकमेकांत मिसळून गोळा होत असेल तर वूफरची मर्यादा आली. डग्ग्याची मींड चांगली कसोटी आहे, पण ती घरी सबबरोबर. दुकानातला बास त्या खोलीचा असतो.

टॉवर कधी घ्यावा, हेही सांगायला हवं. खोली मोठी असेल, बसण्याची जागा चार मीटरच्या पलीकडे असेल, किंवा सब ठेवायचाच नसेल, तर टॉवर योग्य. त्याची संवेदनशीलता सहसा जास्त असते, मधल्या स्वरांना वेगळा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) मिळतो आणि मोठ्या आवाजात तो बिथरत नाही. लहान पेटी, खोल बास आणि जास्त संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोनच निवडता येतात. ध्वनिशास्त्रात हा नियम हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. टॉवर पेटी मोठी करून उरलेल्या दोन मिळवतो. तुम्हाला तेवढ्या मोठ्या आवाजाची गरज नाही, आणि ८० हर्ट्झवर क्रॉसओव्हर ठेवल्यावर त्या मोठ्या पेटीचा खालचा पल्ला बहुतांशी रिकामा बसतो.

सेंटरच्या बाबतीत मी हट्टी आहे. तो पुढच्या जोडीच्याच मालिकेतला, त्याच ट्वीटरचा हवा, म्हणजे पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आवाजाचा रंग मध्येच बदलत नाही. शक्य असेल तर जोडीतलाच तिसरा बुकशेल्फ उभा ठेवा, त्याहून चांगला सेंटर मिळणं अवघड. टीव्हीमुळे ते जमत नसेल तर दोन वूफर आणि मध्ये फक्त ट्वीटर असलेला आडवा सेंटर टाळा. दोन वूफरमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल आणि तुम्ही मध्यापासून वीस अंश बाजूला बसला असाल, तर दोघांच्या आवाजाच्या वाटेत जवळजवळ १४ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि १२५० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खोडून टाकतात. हा ऐन शब्दांचा पट्टा आहे. म्हणजे सोफ्याच्या मधल्या माणसाला संवाद कळतात आणि कडेच्या माणसाला कळत नाहीत. मध्यभागी ट्वीटर आणि त्याच्याच खाली मिडरेंज (मधल्या सुरांचा ड्रायव्हर) अशी थ्री-वे रचना किंवा समअक्षीय ड्रायव्हर असला की हा त्रास बहुतेक जातो.

आता सब. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर चौपट हवा ढकलावी लागते. ४० हर्ट्झला सहज वाजणारा आठ इंची सब २० हर्ट्झला दमतो तो म्हणून. सिनेमासाठी बारा इंची घ्या. सबच्या वॉटचा आकडा वाचूच नका. सीटीए-२०१० मानकाने मोजलेली, २० ते ३१.५ हर्ट्झमधली कमाल पातळी बघा, दोन सबची खरी तुलना तिथे होते. बंद पेटीचा सब आपल्या तळाखाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्ट (पेटीला हवेची नळी) असलेला २४ ने. पोर्टवाला तळाजवळ जास्त आवाज देतो, पण त्याची पेटी मोठी होते. तुमच्या छोट्या बंद खोलीत अगदी खालच्या सुरांना खोलीच थोडी मदत करते, त्यामुळे बंद पेटीचा बारा इंची मला इथे आवडेल. ‘संगीतासाठी वेगवान सब’ या शब्दांनी गोंधळून जाऊ नका. बास मंद वाटतो तो खोलीत रेंगाळणाऱ्या सुरांमुळे किंवा सब आणि स्पीकर यांचा मेळ न बसल्यामुळे. ८० हर्ट्झवर दोघांचं अंतर आणि फेज (लहरींची वेळ) जुळवा, तोच सब चपळ वाटू लागेल.

पुढेमागे पैसे आले तर याहून मोठा सब घेण्याऐवजी असाच दुसरा घ्या. हार्मनमधल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये अनेक सबच्या मांडण्या तपासल्या, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब सोफ्यावरच्या सगळ्या जागांना बऱ्यापैकी सारखा बास देतात असं त्यातून पुढे आलं. एकाच माणसाने ऐकायचं असेल तर एक सब नीट बसवता येतो. तीन-चार माणसं बसणार असतील तर दुसऱ्याला पर्याय नाही.

रात्री हळू आवाजात गाणं पोकळ वाटतं त्याचं आणखी एक कारण कानातच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की पातळी उतरली की कानाला बास प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. रिसीव्हरमध्ये पातळीनुसार बास भरून काढणारं सेटिंग असतं. हळू ऐकताना ते चालू ठेवा, मोठ्याने ऐकताना बंद करा.

मागच्या स्पीकरवर आत्ता खर्च नको. पुढचे बुकशेल्फ रिकामे झाले की तेच मागे लावा, बाजूला पण किंचित पाठीमागे, समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, कानाच्या थोडे वर. त्यासाठी सोफा भिंतीपासून पुढे यावाच लागेल. अ‍ॅटमॉसचे (वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचे) छताचे स्पीकर पुढचं सगळं जमल्यानंतर. वायरसाठी साधी तांब्याची जाडसर वायर पुरते. सोळा गेजच्या वायरीला पाच मीटर अंतरावर जाऊन-येऊन सुमारे ०.१३ ओहम रोध येतो, आठ ओहमच्या स्पीकरला तो जाणवतही नाही. भिंतींवर पातळ फोम चिकटवू नका. तो फक्त वरचे सूर खातो आणि खोली मुकी होते, घुमणारा बास तसाच राहतो. जमिनीवर जाड सतरंजी, बाजूच्या भिंतीवर पहिल्या परावर्तनाच्या जागी पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा, एवढं पुष्कळ.

जुना, वापरलेला स्पीकर मिळत असेल तर जरूर बघा. चांगला स्पीकर सहजासहजी म्हातारा होत नाही. फक्त वूफरच्या कडेची फोमची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. भुगा पडत असेल तर ती बदलावी लागेल, रबराची असेल तर चिंता नाही. दोन्ही स्पीकर एकेक करून मोनोत वाजवा आणि ट्वीटरजवळ कान न्या.

नवीन घेणार असाल तर परत करण्याची मुदत मिळेल असंच घ्या. आणल्यावर मांडणी पक्की करा, मग कॅलिब्रेशन पुन्हा चालवा. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा दूर ठेवा. रिसीव्हरमध्ये सोय असेल तर दुरुस्ती फक्त ३०० ते ५०० हर्ट्झच्या खाली चालू द्या आणि वरचा स्पीकर जसा आहे तसा राहू द्या. दोन्ही पद्धतींनी आठवडाभर आलटून पालटून ऐका. चांगला स्पीकर निवडला असेल तर बहुधा वरची दुरुस्ती बंदच जास्त आवडेल, आणि सबची पातळी सिनेमाला दोन-तीन डेसिबल वर व संगीताला तेवढीच खाली अशी दोन वेगळी साठवून ठेवावीशी वाटेल.